उणिवांच्या चिठ्ठ्या

फळ्याकडे तोंड आणि माणसांकडे पाठ, अशा अवस्थेत माझं बहुतेक आयुष्य गेलं. आधी वाणिज्य महाविद्यालयात शिकवताना, आणि निवृत्तीनंतर जबलपूरच्या लहानमोठ्या धंदेवाल्यांना त्यांच्या धंद्याचं नियोजन करून देताना. दुसरं काम पहिल्यापेक्षा मला जास्त आवडलं. त्या कामात वसुधा, माझी पत्नी, बरोबर असे. गेल्या हिवाळ्यात ती गेली. अस्थी तिलवाऱ्याच्या घाटावर नर्मदेत सोडून आलो, त्याच दिवशी ठरवलं होतं की आता हे काम बंद. या अंकासाठी माझ्या व्यवसायाबद्दल लिहा, असा निरोप आला तेव्हा मी आधी नकारच कळवला होता. मग तिच्या जाण्यानंतर जे कळलं ते कुणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि ते सांगायचं तर आधी कामच समजावून सांगावं लागेल.

काम सोपं आहे. फळ्यावर एक उभी आणि एक आडवी रेघ मारायची, की चार रकाने होतात. पहिल्यात धंद्याची बलस्थानं, दुसऱ्यात उणिवा, तिसऱ्यात संधी, चौथ्यात धोके. पहिले दोन घरातले, म्हणजे आपल्या हातातले. पुढचे दोन दाराबाहेरचे. कोणतं बळ कोणत्या संधीला जोडता येईल आणि कोणती उणीव कोणत्या धोक्याच्या तोंडी पडेल, हे पाहून पुढच्या काही वर्षांचा बेत आखायचा. मोठ्या कंपन्या हे चकचकीत हॉटेलात करतात. आम्ही पिठाच्या गिरणीत, औषधाच्या दुकानामागे, एकदा तर बंद पडलेल्या सिनेमागृहाच्या तिकीटखिडकीत बसून केलं आहे.

सोपं असलं तरी लोक चुकतात, आणि कुठे चुकतात ते पाहण्यात या कामाची गंमत आहे. तिलवाऱ्याच्या पुढे, नागपूर रस्त्यावर ढाबा चालवणारा एक माणूस होता. त्याने धोक्यांत लिहिलं, ‘नवा रस्ता’. संधीतही लिहिलं, ‘नवा रस्ता’. मी म्हटलं, भैया, एक काहीतरी ठरवा. तर म्हणाला, “सर, रास्ता तो एक ही है न. ट्रक रुका तो मौका, निकल गया तो खतरा.” त्याच्याइतका नेमका विद्यार्थी मला कॉलेजातही मिळाला नाही. कमानिया गेटजवळच्या एका बांगडीवाल्याने बलस्थानांचा रकाना भरून कागदाच्या मागच्या बाजूलाही लिहिलं आणि उणिवांत एकच शब्द लिहिला, ‘पार्किंग’.

उणिवांचा रकाना कुणालाच भरायचा नसतो. भरला तरी स्वतःची उणीव कुणी लिहीत नाही, भावाची लिहितो. त्यातून भांडणं होतात. म्हणून मी चिठ्ठ्यांची पद्धत काढली. सर्वांना सारखे कागद, सारखी पेनं. नाव लिहायचं नाही. घडी घालून चिठ्ठी पोह्यांच्या स्टीलच्या डब्यात टाकायची. वसुधा एकेक चिठ्ठी काढून मोठ्याने वाचणार, मी फळ्यावर लिहिणार. वाचून झाली की तिने ती तिथल्या तिथे बारीक फाडायची, म्हणजे मागाहून कुणी अक्षर ओळखत बसायला नको. हा फाडण्याचा नियम माझा. मला त्याचा अभिमान होता. सुरुवातीला मी प्रत्येक ठिकाणी एक वाक्य म्हणत असे, “इथे जे लिहिलं जातं तेच वाचलं जातं, आणि जे वाचलं जातं तेच लिहिलं जातं.” टाळ्या पडायच्या.

वसुधा शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाली होती. तिचा आवाज सपाट होता, चढउतार नसलेला. मला वाटे, चिठ्ठी वाचायला हाच आवाज हवा. मी वाचलं की ते पेपर तपासल्यासारखं ऐकू येई.

इथल्याच रांझी भागातल्या ढोबळे बंधूंची हकीकत मी पुढे प्रत्येक व्याख्यानात सांगत आलो. त्यांचे वडील विदर्भातून इथल्या लष्करी गाड्यांच्या कारखान्यात नोकरीला आले. निवृत्त झाल्यावर त्यांनी ट्रकच्या ताडपत्र्या, जीपची हुडं आणि तंबू शिवायचं शेड टाकलं. ते गेल्यावर थोरला प्रभाकर कटिंग बघायचा, धाकटा सुधीर बाकीचं सगळं. सुधीर माझा विद्यार्थी. त्यानेच आम्हाला बोलावलं होतं. माल परत येत होता, गिऱ्हाईक तुटत होतं, आणि दोघा भावांत बोलणं फक्त कामापुरतं उरलं होतं. धंदा राहतो की वाटणी होते, असा प्रश्न होता.

त्या दिवशी उणिवांच्या चिठ्ठ्यांत एक चिठ्ठी निघाली. वसुधाने वाचलं, “कटिंगला एकच हात आहे. दुसरा तयार नाही.” मी लिहिलं. प्रभाकरराव म्हणाले, “बरोबर आहे. मी एकटाच मरून राहिलो.” त्यावरून बोलणं सुरू झालं. दोन कारागिरांना कटिंग शिकवायचं ठरलं. शिकवायचं प्रभाकररावांनीच. आणि ते शिकवून मोकळे झाले की गिऱ्हाइकांकडे जाऊन मापं घेणं, माल पोचवणं, हे त्यांनी बघायचं. धंदा सावरला. दोघे भाऊ पुन्हा एका डब्यातून जेवू लागले. एका कागदावर लिहिलेल्या साध्या, उघड्या सत्याने एक घर कसं वाचलं, असं मी सांगत असे. ‘उघडं सत्य’ हा शब्द मी फळ्यावर लिहून त्याखाली रेघ ओढत असे.

वसुधा गेल्यावर भेटायला पुष्कळ लोक आले. सुधीर सगळे येऊन गेल्यावर आला, एकटाच. मोटारसायकल फाटकाशी लावून बराच वेळ बाहेरच उभा होता. आत आला, चहा घेतला, कप खाली ठेवला, पुन्हा उचलला.

“सर, एक गोष्ट बोलू का? रागावणार तर नाही?”

“बोल.”

“काकूंनी त्या दिवशी माझी चिठ्ठी वाचली नव्हती.”

मी म्हटलं, “सगळ्या वाचल्या. डबा रिकामा झाला होता.”

“वाचली जी. पण मी जे लिहिलं होतं ते नाही वाचलं.” तो कपाकडे बघत बोलत होता. “मी लिहिलं होतं, दादाले कटिंगवरून हटवा. त्याचा हात थरथर कापते. कापडाचे थानच्या थान वाकडे कापून राहिला, अन सांगितलं तर शिव्या देते. असं लिहिलं होतं मी. माझ्या भावाबद्दल. काकूंनी ते उघडलं, वर पाहिलं, अन म्हणाल्या, कटिंगला एकच हात आहे.”

“मग तू तेव्हाच का नाही बोललास?”

“काय बोलू? चिठ्ठी डब्यात टाकली अन मलेच शरम वाटून राहिली होती. डब्यातून परत थोडीच काढता येते? काकूंनी काढून दिली.” तो थोडा हसला. “मले वाटलं, माझ्या एकट्यासाठीच केलं त्यांनी. म्हणून कोणाले सांगितलं नाही.”

तो गेल्यावर मी ढाबेवाल्याला फोन केला. कशाला केला, सांगता येत नाही. इकडचं तिकडचं बोलून मी विचारलं, तुमच्या वेळी चिठ्ठ्या बरोबर वाचल्या गेल्या होत्या ना?

तो हसला. मग, “अरे सर, आपको मालूम नहीं था? हम तो समझे आप दोनों की मिलीभगत थी.”

त्याच्या स्वयंपाक्याने त्याच्याबद्दल जे लिहिलं होतं, ते त्या स्वयंपाक्यानेच पुढे कधीतरी हसत हसत त्याला सांगितलं होतं. वाचलं गेलं होतं, ‘मालक आणि स्वयंपाकघर यांच्यात बोलणं कमी आहे.’

आता विचार करा. प्रत्येक चिठ्ठी लिहिणाऱ्याला आपण काय लिहिलं ते ठाऊक. वाचलं वेगळंच जातंय, हे त्याला तिथेच कळणार. त्याला वाटणार, माझ्यापुरतंच झालं, गप्प बसावं. अशी गप्प बसलेली माणसं सगळ्या शहरात, आणि ज्याला काहीच ठाऊक नाही असा एकच माणूस, फळ्याकडे तोंड करून स्वच्छ अक्षरात लिहीत उभा. “जे लिहिलं जातं तेच वाचलं जातं,” असं म्हणत. ते लोक टाळ्या कशाला वाजवत होते, याचा मी अजून विचार करतो.

फाडण्याचा नियमही मीच करून दिलेला. तिला हवं ते करायची मोकळीक मी आपल्या हाताने दिली होती आणि तिने त्याचा पुरावा माझ्याच नियमाने बारीक फाडून टाकला होता.

आणखी एक आठवण वर आली, ती जास्त बोचते. एका बेकरीत वाचता वाचता ती थांबली होती. मी खडू धरून वाट पाहत होतो. मागे न वळताच म्हणालो, “वसुधा, तुला फक्त वाचायचंय. विचार करायचं काम त्यांचं.” लोक हसले. मला वाटलं, माझ्या बोलण्याला हसले. ती म्हणाली, “हो, वाचतेय.” आणि वाचलं. काय वाचलं ते आठवत नाही.  घरी येताना वाटेत थांबून आम्ही मटार घेतले.

पण मी तिला देवी करून ठेवत नाही. सुधीर येऊन गेला त्या आठवड्यात मी तिच्यावर फार चिडलो होतो. एका छापखान्याचं काम आम्ही केलं होतं. तिथे तिने वाचलं होतं, ‘दुपारनंतर निर्णय उशिरा होतात.’ मी गंभीरपणे ते लिहिलं आणि दुपारच्या कामाची नवी रचना सुचवली, कोणता कागद कुणाकडे जावा, कुणी सही करावी, वगैरे. वर्ष-दीड वर्षात छापखाना बंद पडला. मालक दुपारी पिऊन येत होता, हे गल्लीतल्या पानवाल्यालाही ठाऊक होतं. कदाचित चिठ्ठीत तेच लिहिलं असेल. नक्की सांगता येत नाही, चिठ्ठी फाडलेली आहे. पण तेव्हा कुणी ते मोठ्याने म्हटलं असतं, तर? हे मला तिला विचारायचं होतं. गेलेल्या माणसावर चिडण्याची लाज आणि चिडायला ते माणूस नसण्याचं दुःख, यांतलं जड कोणतं ते मला कळेना.

मग ढोबळ्यांकडून पुन्हा निरोप आला. या वेळी सुधीर शेडच्या कपड्यांतच आला होता, कॅनव्हासचा वास घेऊन.

“सर, एकदा बसायचं आहे. शेवटचं समजा.”

शेजारचं मोठं शेड रिकामं होत होतं. ते घेतलं तर कारखान्याच्या गाड्यांचं मोठं काम मिळणार होतं. शेड दोघा भावांच्या नावाने घ्यायचं, की एकट्या सुधीरच्या, एवढाच प्रश्न होता. पण तो एवढासा नव्हता. प्रभाकररावांच्या हाताची थरथर वाढली होती. आता मापाची टेपही धरवत नव्हती. गिऱ्हाइकाकडे गेले की चहा सांडायचा, माप चुकायचं, आणि परत येऊन ते दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत.

“दादाले सोडून मले शेड घ्यायचंच नाही,” सुधीर म्हणाला. “पण दादा कामात राहिला तर काम होत नाही. हे मी त्याच्या तोंडावर बोलू शकत नाही. अन चिठ्ठीत तर आता लिहिणारच नाही. एकदा लिहून पाहिलं.”

“मग मी येऊन काय करू?”

“काय माहीत, सर. तुम्ही या तर.”

मी गेलो. खरं कारण सांगतो. वसुधाने केलं ते मला करून पाहायचं होतं. आता मला ठाऊक होतं, आणि शब्द बदलणं मला जमेल असं वाटत होतं. सगळा जन्म शब्दांत काढलेला माणूस मी. आदल्या दिवशी मी मनात वाक्यं जुळवूनही पाहिली.

रविवार होता. शेडमधली मशिनं बंद. प्रभाकरराव, त्यांची पत्नी मंदावहिनी, सुधीर आणि दोन जुने कारागीर ताडपत्रीच्या गठ्ठ्यांवर बसले होते. मी डबा मांडीवर घेऊन खुर्चीत बसलो, आणि खडू सुधीरच्या हातात दिला. या कामात मी पहिल्यांदाच माणसांकडे तोंड करून बसलो होतो.

बलस्थानं हसतखेळत झाली. एका चिठ्ठीत मंदावहिनींचा भाजीचा रस्सा निघाला. “अच्छा, म्हणून कारागीर टिकून राहिले!” प्रभाकरराव म्हणाले. “मले वाटे माझ्या स्वभावानं.”

“तुमच्या स्वभावानं तर मी बी टिकली नसती,” वहिनी म्हणाल्या.

मग उणिवा. पहिली चिठ्ठी, ‘पावसाळ्यात छत गळते.’ जशीच्या तशी वाचली. दुसरी उघडली.

‘प्रभाकरले घरी बसवा. आता त्याच्यानं होत नाही.’

 सुधीरने शब्द दिला होता, लिहिणार नाही म्हणून. मी त्याच्या पाठीकडे पाहिलं. तो खडू धरून वाट पाहत होता. मग मी पुन्हा कागदाकडे पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणालो,

“कामाच्या विभागणीचा नव्याने विचार व्हावा.”

वाक्य चांगलं होतं. क्षणभर मला अभिमानसुद्धा वाटला. कुणाला लागलं नाही, कुणाचं नाव नाही. सुधीर लिहू लागला. ‘कामाच्या’ एवढं लिहून झालं असेल.

“सर,” प्रभाकरराव म्हणाले.

“बोला.”

“असं नाही लिहिलं आहे तिथे.”

मी चिठ्ठी पटकन मिटली. “तुम्हाला तिथून दिसतंय?”

“दिसाले काहून लागते? मीच लिहिलं.”

 मी चिठ्ठी पुन्हा उघडली आणि तेव्हा मला अक्षरं दिसली. इतका वेळ मी फक्त शब्द वाचले होते. अक्षरं कापरी होती. प्रत्येक रेघ वाटेत दोनतीनदा थांबून पुढे गेलेली, मात्रा भलतीकडेच पडलेल्या. त्या शेडमध्ये असं अक्षर एकाच माणसाचं असू शकत होतं. सगळा जन्म मुलांचे पेपर तपासलेल्या मला ते दिसलं नव्हतं.

“मी वाट पाहून राहिलो,” प्रभाकरराव म्हणाले. आवाज चढवलेला नव्हता. “कोणीतरी म्हणेल, बस झालं, आता घरी राहा. हा म्हणत नाही. ही म्हणत नाही. कारागीर तर म्हणणारच नाहीत. मग म्हटलं, चलो, आपणच चिठ्ठीत लिहू, सर वाचतील. तर तुम्ही बी नाही म्हणून राहिले.”

मला वर बघवेना. मी म्हणालो, “मला वाटलं, तुम्हाला लागेल.” आणि मग, ते सांगायची काही गरज नसताना, “वसुधा असं करायची.”

“माहीत आहे.”

“सुधीरने सांगितलं?”

“तो काय सांगते. त्यानं तवा काय लिहिलं असेल ते मले तवाच समजलं होतं. भाऊ आहे माझा.” त्यांनी एका हाताने दुसरा हात धरून मांडीवर दाबून ठेवला. “काकूंनी चिठ्ठी उघडली, अन वाचायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. चांगलं पाहिलं. मले तेव्हा ऐकायचं नव्हतं. मग त्यांनी दुसरंच वाचलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंच नाही, सर. कागदाकडेच पाहून राहिले.”

बेकरीत ती का थांबली होती, ते मला त्या क्षणी समजलं. ती शब्द शोधत नव्हती. समोर कोण कोण बसलं आहे ते बघत होती. तिचं मऊ करून वाचणं मी पाठ केलं होतं, आणि तिचं वर बघणं मला ठाऊकच नव्हतं, कारण तेव्हा माझी पाठ तिच्याकडे होती. आता तोंड माणसांकडे होतं, आणि तरी मी मांडीवरच्या कागदात फळा शोधला होता.

मंदावहिनींनी डोळ्यांना पदर लावला होता. कारागीर जमिनीकडे पाहत होते. मी मान वर केली आणि प्रभाकररावांकडे पाहिलं. मला वाटतं, इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच नीट पाहत होतो. त्यांनी मान हलवली. वाचा.

मी वाचलं. “प्रभाकरले घरी बसवा. आता त्याच्यानं होत नाही.”

माझा आवाज सपाट राहिला नाही.

सुधीर फळ्याकडे तोंड करून उभा होता. ‘कामाच्या’ हा शब्द त्याने हाताने पुसला होता आणि पांढरा हात तसाच फळ्यावर ठेवला होता. त्याचे खांदे हलत होते. न वळताच त्याने विचारलं,

“सर, हे कोणत्या रकान्यात लिहू?”

चार रकाने मी इतकी वर्षं शिकवत आलो. कुठे काय लिहायचं याबद्दल मला कधी शंका पडली नव्हती.

“लिहू नको,” मी म्हणालो. “आधी इकडे वळ.”